गोष्टीतला 'पण' मुलांना कसा सापडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना कथानकाचे घटक शिकवायचे आहेत. फळ्यावर डोंगराची आकृती काढून झाली, सुरुवात, संघर्ष, उत्कर्षबिंदू, उकल, शेवट ही नावं मुलांनी पाठही केली. पण गोष्ट लिहायला दिली की वहीत येतं ते असं: 'आम्ही सकाळी उठलो. मग जंगलात गेलो. मग वाघ दिसला. मग आम्ही खेळलो. मग घरी आलो.' नावं येतात, गोष्ट येत नाही. मग करायचं काय?

मुलांबरोबर गोष्टी सांगायचं आणि लिहायचं काम मी बरीच वर्षं करत आलेय, आणि माझं मत आता पक्कं झालंय: घटकांची नावं सगळ्यांत शेवटी द्यावीत. आधी मुलांना एकच गोष्ट पकडायला शिकवावी. कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ते सहजासहजी मिळत नाही. हे एकदा नीट हातात आलं की तुमच्या आकृतीतले बाकीचे टप्पे त्यातूनच निघतात.

मुलांना कथानक कळत नाही असं मुळीच नाही. चार वर्षांच्या मुलाला ओळखीची गोष्ट सांगताना मधला एखादा टप्पा गाळून पाहा. ते लगेच अडवतं, 'असं नाही, आधी तो पडतो!' कानांनी ते कथानक केव्हाच शिकलेलं असतं. सांगणाऱ्याच्या जागेवर बसल्यावर मात्र पुढचं स्वतः ठरवावं लागतं, आणि कशाच्या आधारावर ठरवायचं हे त्याला माहीत नसतं. आकृती तो आधार देत नाही. 'इथे संघर्ष लिहा' म्हटलं की मूल वाघ आणतं, कारण संघर्ष म्हणजे मारामारी असं त्याने धरलेलं असतं. वाघ येतो, पण त्याच्या येण्याने कुणाचं काय अडलं याचा पत्ता नसतो.

म्हणून पहिले काही तास फक्त इच्छेवर घालवा. मुलांना पात्र निवडू द्या आणि एकच विचारा: याला काय हवंय? पहिली उत्तरं हमखास ढोबळ येतात. 'त्याला सुखी व्हायचं होतं', 'तिला मोठं व्हायचं होतं'. यावर मी एक साधी अट घालते. ती इच्छा पूर्ण झाली, याचं चित्र काढता आलं पाहिजे. 'सुखी' याचं चित्र काढताना मूल अडखळतं. 'भिंतीवर अडकलेलं मांजराचं पिल्लू खाली आणायचंय' याचं चित्र लगेच निघतं: पिल्लू भिंतीवर, पिल्लू हातात. या दोन चित्रांमधलं अंतर म्हणजेच पुढची सगळी गोष्ट, हे मुलांना न समजावता दिसतं.

त्यानंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही: नाही मिळालं तर काय होईल? एखादं मूल लिहितं, 'त्याचं खोडरबर हरवलं.' ठीक, पण हरवलं तर हरवलं, दुसरं घेता येईल. ते खोडरबर मोठ्या बहिणीचं होतं आणि त्याने न विचारता घेतलं होतं, असं म्हटलं की त्याच खोडरबराला वजन येतं. ते संध्याकाळच्या आत सापडायलाच हवं. मुलांना वाटतं की गोष्ट मोठी व्हायची तर वस्तू मोठी हवी, म्हणजे खजिना, राज्य, जादूचा हिरा. वस्तू कितीही लहान असली तरी चालतं, गमावण्याची भीती खरी असावी लागते, हे या एका उदाहरणातून त्यांना पटतं. इथे घाई करू नका. इच्छा पोकळ राहिली तर पुढचं काहीच उभं राहत नाही.

आता अडथळा. मुलांशी बोलताना मी त्याचे तीन प्रकार करते: दुसरं कुणीतरी अडवतं, जागा किंवा परिस्थिती अडवते, किंवा आपणच आपल्याला अडवतो. पहिल्या प्रकाराकडे मुलं आपसूक धावतात, राक्षस आणि चोर तयारच असतात. दुसरा थोड्या सरावाने जमतो. तिसरा अवघड, आणि तोच मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पिल्लू भिंतीवर आहे, शिडीही शेजारीच आहे, पण मुलीला उंचीची भीती वाटते. किंवा खोडरबर कुठे पडलं ते माहीत आहे, पण आणायला गेलं तर न विचारता घेतल्याचं कबूल करावं लागेल. इच्छा तीच ठेवून अडथळा तीनदा बदलायला सांगा. एकाच इच्छेतून तीन वेगळ्या गोष्टी निघतात हे पाहून मुलं चकित होतात, आणि कथानक ठरवणं आपल्या हातात आहे हे त्यांना पहिल्यांदा जाणवतं.

मुलं आपल्या पात्रांवर फार माया करतात. पात्र जरा अडचणीत आलं की लगेच परी येते, वाटेत पैशांची पिशवी सापडते, बाबा येऊन सोडवतात. ही माया दुखवू नये. पण एक नियम मी सुरुवातीपासून ठेवते: योगायोगाने संकट येऊ शकतं, योगायोगाने संकट जाऊ शकत नाही. परी आणायचीच असेल तर ती सुरुवातीला भेटलेली असावी आणि तिची मदत मिळवण्यासाठी पात्राला काहीतरी करावं लागावं. मुलांना हा नियम आवडतो, कारण तो त्यांच्या खेळांतल्या नियमांसारखा स्वच्छ असतो, आणि मग ती एकमेकांच्या गोष्टींतल्या फुकटच्या पऱ्या शोधू लागतात.

तुम्ही दाखवलेल्या 'मग, मग, मग'कडे आता वळू. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत हा फरक एका उदाहरणाने मांडला होता. राजा मेला आणि मग राणी मेली, ही नुसती गोष्ट झाली. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, इथे कथानक आलं. घटना त्याच, फक्त दुसरी घटना पहिलीमुळे घडली. लहान मुलांपुढे मी हे उदाहरण ठेवत नाही, पण शिकवणाऱ्याच्या मनात ते असावं. मुलांसाठी त्याचा खेळ होतो.

मुलांना गोल बसवा. पहिलं मूल पात्र आणि इच्छा सांगतं. पुढच्याने 'पण'ने सुरुवात करायची, त्याच्या पुढच्याने 'म्हणून'ने, आणि असं आलटूनपालटून. 'मीनाला भिंतीवरचं पिल्लू खाली आणायचं होतं.' 'पण भिंत उंच होती.' 'म्हणून तिने खुर्ची ओढत आणली.' 'पण खुर्चीच्या आवाजाने पिल्लू घाबरून आणखी पुढे सरकलं.' 'म्हणून ती खुर्चीवर अगदी गप्प उभी राहिली.' यातलं चौथं वाक्य पाहा. खुर्ची हा अडचणीवरचा उपाय होता आणि त्या उपायातूनच नवी अडचण निघाली. असं वाक्य आलं की मी खेळ थांबवते आणि सगळ्यांना विचारते, 'हा पण कुठून आला?' तो आधीच्या 'म्हणून'मधून आला, हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या. घटकांवरच्या लांबलचक व्याख्यानापेक्षा हा एक क्षण जास्त शिकवतो.

या खेळात एक खड्डा आहे. काही वेळा साखळी अशी जाते: 'पण पाऊस आला. म्हणून तिने छत्री आणली. पण दिवे गेले. म्हणून तिने मेणबत्ती लावली.' व्याकरण बिनचूक, प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला धरून, आणि पिल्लू सगळेच विसरलेत. अशा वेळी मध्येच विचारायचं, 'पिल्लू कुठे आहे?' बस्स. पुढे पुढे मुलंच एकमेकांना हा प्रश्न विचारतात. लिहिलेल्या गोष्टीवर हेच काम उलट्या दिशेने करता येतं. शेवटच्या वाक्यापासून मागे जायचं आणि दर टप्प्याला 'का?' विचारायचं. जिथे उत्तर सापडत नाही तिथे दुवा तुटलाय. 'मग' शब्दावर बंदी मात्र घालू नका. बोलण्यात आणि लिहिण्यात त्याची जागा आहे, आणि बंदी घातली की मुलं 'नंतर' आणि 'त्यानंतर' लिहून मोकळी होतात.

प्रयत्न एकच असला तर गोष्ट लवकर संपते. लोककथांत बहुतेकदा तीन असतात, आणि तीन हा आकडा मुलांना पेलतो. इथे भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट फार उपयोगी पडते, कारण ती जवळजवळ प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेली असते. म्हातारीला लेकीकडे जायचंय, वाटेत जनावरं तिला खायला उठतात, ती म्हणते, आता मी हडकुळी आहे, लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. मुलांना विचारा, जनावरांचा क्रम बदलला तर गोष्ट बिघडेल का? फारशी नाही. कोल्हा आधी आला काय आणि वाघ आधी आला काय, तिचं उत्तर तेच. मग ही गोष्ट इतकी धरून का ठेवते? मुलं विचार करतात आणि कुणीतरी सांगतंच: तिला परत यायचंय! जाताना जीव वाचवण्यासाठी दिलेलं वचनच परतीची वाट भयंकर करतं. एका सुटकेतून मोठं संकट तयार झालं. म्हणूनच तिला भोपळ्यात बसावं लागतं. कथानक 'चढत जातं' म्हणजे नेमकं काय होतं, हे दाखवायला मला याहून चांगली गोष्ट माहीत नाही.

मुलांच्या स्वतःच्या गोष्टीवर हीच कसोटी लावा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नाची अदलाबदल करून वाचा. काहीच फरक पडला नाही, तर दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी पात्राकडे काहीतरी कमी उरलं पाहिजे किंवा धोका वाढला पाहिजे. वेळ संपत आली, मदतनीस निघून गेला, गुपित फुटलं. मुलांना एवढी इशारत पुरते.

उत्कर्षबिंदू शिकवताना सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. मुलांना वाटतं, जिथे सगळ्यांत मोठा आवाज होतो, स्फोट किंवा लढाई होते, तो उत्कर्षबिंदू. मी त्यांना गोष्टीच्या सुरुवातीलाच वहीच्या वर एक प्रश्न लिहायला लावते: मीना पिल्लाला खाली आणू शकेल का? ज्या क्षणी या प्रश्नाचं उत्तर ठरतं, तो तुमचा सर्वोच्च क्षण. मग आवाज झाला नाही तरी चालेल. मीना श्वास रोखून हात पुढे करते आणि पिल्लू तिच्या हातावर पाऊल ठेवतं, यात काहीच मोठं घडलेलं नाही आणि सगळं घडलेलं आहे.

ससा-कासवाच्या गोष्टीवर हा वाद घालून पाहा. उत्तर कुठे ठरलं? ससा झोपला तिथे, जाग येऊन धावत सुटला तिथे, की कासवाने शर्यतीची रेषा ओलांडली तिथे? काही मुलं म्हणतात झोपला तेव्हाच ठरलं. मग दुसरी म्हणतात, पण तो लवकर उठला असता तर? माझं स्वतःचं मत ससा जागा होऊन धावतो त्या क्षणाच्या बाजूने आहे, कारण तोवर ऐकणाऱ्याला खात्री नसते. पण मी ते मुलांवर लादत नाही. कारण देता आलं की कुठलंही उत्तर मान्य. हा वाद करून झाल्यावर मुलं आपापल्या गोष्टीतला तो क्षण दोन ओळींत उरकत नाहीत, तिथे थांबतात आणि काय दिसलं, काय ऐकू आलं, हाताला काय लागलं ते लिहितात.

शेवटाबद्दल माझं म्हणणं थोडं कडक आहे. 'आणि मला जाग आली, ते सगळं स्वप्न होतं' हा शेवट मुलांना फार आवडतो, कारण त्यामुळे गुंता सोडवावा लागत नाही. तो खोडून टाकू नका. एवढंच विचारा की स्वप्नातून उठलेल्या त्या मुलीत काय बदललं. बदललं असेल तर शेवट टिकतो. नसेल तर मूल स्वतःच दुसरा शेवट शोधतं. शेवट शोधताना बाहेरून नवं काही आणायचं नाही, गोष्टीत आधी आलेलंच काहीतरी वापरायचं, ही अट घाला. भोपळ्यातल्या म्हातारीचा शेवट सांगणाऱ्यागणिक बदलतो, म्हणून तो मुलांनाच करायला देता येतो. तिच्याकडे काय आहे? भोपळा, तिची जीभ, आणि खाण्यावरून आपसांत भांडू शकतील अशी जनावरं. यातूनच सुटायचं. फार सुंदर शेवट येतात.

आणि कृपा करून गोष्ट संपताक्षणी 'यातून काय बोध घेतला?' असं विचारू नका. दर गोष्टीला हा प्रश्न आला की मुलं आधी बोध ठरवतात आणि त्याच्याकडे जाणारी सरळ वाट आखतात. पात्रं मग शहाण्यासारखी वागतात, कुणाचं काही अडत नाही, आणि कथानक मरतं. त्याऐवजी 'तू मीनाच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?' असं विचारा. बोध असेल तर तो या उत्तरात येतो.

स्थळ-काळ आणि पात्रवर्णन यांवर मी फार वेळ घालवत नाही. पुढे उपयोगी पडणार असेल तेवढंच सुरुवातीला सांगायचं. भिंत उंच आहे हे कळायला हवं, ती कुठल्या रंगाची आहे हे नाही कळलं तरी चालेल. सुरुवात बहुतेकदा झोपेतून उठण्याने होते. पहिला परिच्छेद हाताने झाकून गोष्ट वाचायला सांगा. काही अडलं नाही तर तो काढून टाकायचा.

पात्राच्या मनातला भाग मात्र मुद्दाम राखावा लागतो. नॅन्सी स्टाइन आणि क्रिस्टीन ग्लेन या संशोधकांनी १९७९ साली मुलांच्या गोष्टींसाठी जी रचना मांडली, तिच्यात पार्श्वभूमी, सुरुवातीची घटना, पात्राच्या मनात काय उमटलं ते, प्रयत्न, परिणाम आणि शेवटची प्रतिक्रिया असे सहा भाग आहेत. यातला तिसरा भाग मुलं गोष्ट पुन्हा सांगताना सर्वांत सहज गाळतात. घटना लक्षात राहतात, मन गळतं. म्हणून तोंडी सांगताना मध्येच 'तेव्हा तिला काय वाटलं?' हा प्रश्न घाला. तिला काय वाटलं हे कळलं की ती पुढे काय करेल हे ठरवणं सोपं जातं.

आता तुमची आकृती. ती टाकून द्या असं मी म्हणत नाही, पण तिचा इतिहास माहीत असावा. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ साली नाटकांच्या, मुख्यतः पाच अंकी शोकांतिकांच्या अभ्यासातून ती मांडली, आणि तिच्यात शिखर बरोब्बर मध्ये येतं. मुलांच्या गोष्टींत शिखर शेवटाजवळ असतं, त्यामुळे सममित डोंगर काढला की मुलं अर्ध्यातच गोष्ट संपवतात आणि उरलेली जागा कशीबशी भरतात. काढायचाच तर हळूहळू चढणारा आणि पटकन उतरणारा डोंगर काढा.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी मला भरताच्या नाट्यशास्त्रातल्या पाच अवस्था जास्त जवळच्या वाटतात: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. शब्द जड आहेत, पण त्यांतला विचार मुलांना चटकन पटतो, कारण तो पात्राच्या बाजूने केलेला आहे. आधी फळाची ओढ, मग धडपड, मग मिळेल अशी आशा, मग मिळणारच अशी खात्री, आणि शेवटी फळ. इच्छेवर इतकं काम झालेल्या मुलांना हे पाच टप्पे स्वतःच्या गोष्टीत बोट ठेवून दाखवता येतात. नावं द्यायची वेळ तेव्हा आली असं समजा.

सगळ्याच गोष्टी मात्र संघर्षावर उभ्या नसतात, हेही शिकवणाऱ्याने लक्षात ठेवावं. चिनी कवितेतून आलेली आणि जपानी कथांत रुळलेली एक चार भागांची रचना आहे: सुरुवात, विस्तार, अनपेक्षित वळण, आणि सगळ्याची जुळणी. तिथे कुणी कुणाशी झगडावंच लागतं असं नाही. एखाद्या शांत मुलाने अशी गोष्ट लिहिली तर 'यात संघर्ष नाही' म्हणून गुण कापू नका. वळणाने आधीचं सगळं वेगळं दिसायला लागलं का, एवढंच पाहा.

कामाचा क्रम मी असा ठेवते: आधी तोंडी, मग चित्रांत, मग कागदावर. नऊ वर्षांच्या मुलाचा हात त्याच्या डोक्यापेक्षा खूप हळू चालतो. गोष्ट लिहिता लिहिताच रचायला लावली की हात दुखायला लागल्यावर तो ती संपवतो, आणि आपण त्याला कथानक जमत नाही असं समजतो. सहा चौकटींचा कागद द्या, दर चौकटीत एक साधं चित्र, मग त्यावरून जोडीदाराला गोष्ट सांगायची. जोडीदार जिथे 'म्हणजे?' विचारतो तिथे दुरुस्ती. लेखन त्यानंतर. तपासताना शुद्धलेखन आणि कथानक एकाच दिवशी तपासू नका. लाल शाईत बुडालेल्या पानावर 'पिल्लू कुठे आहे?' हा प्रश्न मुलाला दिसतच नाही. वहीत एकच प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर दिलं की गोष्ट पुढे सरकेल असा.

राहता राहिली ती मुलं जी मोबाइलवरच्या खेळांच्याच गोष्टी लिहितात: पहिली पातळी, दुसरी पातळी, मोठा शत्रू, जिंकलो. त्यांना तो विषय सोडायला लावू नका. खेळात इच्छा आहे, अडथळे आहेत, चढण आहे. कथानकाचं बरंचसं सामान तिथे तयार आहे. नसतं ते एकच: हरलं तरी पुन्हा सुरुवात करता येते, त्यामुळे गमावण्यासारखं काही नसतं. अशा मुलाला सांगा, तुझ्या गोष्टीत जीव एकच, आणि शेवटच्या दारापाशी पोहोचल्यावर बरोबरच्या मित्राला मागे ठेवूनच आत जाता येतं. आता लिही, तो काय करतो.